जवानाची बदली आणि पत्नीची नोकरी

सुटी संपवून पलटणीकडे परत निघालेला जवान आणि त्याला निरोप द्यायला बार्शी टाऊन स्थानकावर आलेली घरची माणसे, हे दृश्य या गावाला नवे नाही. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. पुढे ती लातूरपर्यंत पोहोचली, १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रूळही रुंद झाले. गाडी बदलली, फलाट बदलला; निरोपाचा प्रसंग मात्र तसाच राहिला. त्या प्रसंगात एक महत्त्वाचा बदल झाला आहे आणि त्याकडे समाजाचे व सरकारचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. फलाटावर मागे राहणारी जवानाची पत्नी आता शिकलेली असते.

दोन पिढ्यांपूर्वी जवानाची पत्नी म्हणजे दरमहाच्या मनीऑर्डरची वाट पाहणारी, सासू-सासऱ्यांचे करणारी आणि ज्वारीच्या रानात राबणारी स्त्री, असे चित्र होते. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी बार्शी परिसरातील शेतकरी कुटुंबांच्या दारापर्यंत शिक्षण नेले. वैराग-पांगरीकडच्या मुली बार्शीत येऊन शिकू लागल्या. कोणी डी.एड. झाली, कोणी बी.एड., कोणी परिचारिका. अशा मुलीला सैन्यातील स्थळ सांगून येते तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींना ते पसंत पडते. मुलाची नोकरी पक्की, वागणूक शिस्तीची, घराण्याला मान. मुलगी शिकलेली असल्याचे कौतुकही होते. परंतु तिच्या शिक्षणाचे पुढे काय होणार, हा प्रश्न बैठकीत सहसा कोणी विचारीत नाही. तो लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत आपोआप उभा राहतो.

जवानाच्या नोकरीची रीत पाहिली की या प्रश्नाचे स्वरूप लक्षात येते. काही काळ सीमेवर वा अशांत भागात, जेथे कुटुंब नेता येत नाही. नंतर दोन-तीन वर्षे शांतता क्षेत्रातील छावणीत, जेथे सरकारी निवासस्थान मिळाल्यास कुटुंब नेता येते. निवासस्थाने सर्वांना पुरत नसल्यामुळे तेथेही पाळी येईपर्यंत थांबावे लागते. म्हणजे पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेत पती-पत्नींना एकत्र राहण्याचा योग येतो तो तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रत्येक तुकडा निराळ्या राज्यात. आज भटिंडा, तर उद्या जोधपूर, त्यानंतर तेजपूर. बार्शीतून निघालेल्या मुलीला ही गावे परदेशाइतकीच दूरची. भाषा वेगळी, शाळेचे माध्यम वेगळे, नोकरीचे नियम वेगळे. अशा वेळी तिच्यापुढे दोनच मार्ग उरतात. गावाकडची नोकरी धरून ठेवावी तर संसार सुटतो आणि संसारासाठी निघावे तर नोकरी सुटते. एकाला देशसेवेचे कर्तव्य आणि दुसरीला त्या कर्तव्याचा दंड, अशी ही विभागणी आहे.

सरकारने काय केले, काय राहिले

सरकारने जवानांच्या कुटुंबासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वारंवार बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या मुलांचे शिक्षण खंडित होते, हे ध्यानात घेऊन १९६२ साली मध्यवर्ती शाळांची योजना मंजूर झाली आणि १९६३ साली पलटणींच्या २० शाळा ताब्यात घेऊन तिचा प्रारंभ झाला. आजच्या केंद्रीय विद्यालयांचे हे मूळ. त्यामुळे भटिंड्याच्या पाचवीतून जोधपूरच्या सहावीत जाणाऱ्या मुलाला तेच पुस्तक मिळते आणि तीच परीक्षा द्यावी लागते. बदली बापाची झाली तरी मुलाचे वर्ष वाया जात नाही. हे तत्त्व सरकारने साठ वर्षांपूर्वी मान्य केले. त्याच मुलाची आई जर शिक्षिका असेल तर तिचे वर्ष मात्र वाया जाते. एक नव्हे, अनेक.

माजी सैनिकांसाठीही तरतूद आहे. महाराष्ट्रात गट क आणि गट डच्या नोकऱ्यांत त्यांच्यासाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. वीरपत्नींच्या बाबतीतही शासन आणि सैन्य यांनी वेळोवेळी सहानुभूतीची भूमिका घेतली आहे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आले. त्यानंतर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सैन्यात जाण्याचा निर्धार केला, चेन्नईच्या प्रबोधिनीत खडतर प्रशिक्षण पूर्ण केले आणि २०१७ साली त्या लेफ्टनंट झाल्या. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल करण्यात आली, आणि ते सर्वस्वी योग्य होते. त्यांच्या धैर्यापुढे महाराष्ट्र नतमस्तक झाला. परंतु या घटनेतून एक अवघड प्रश्नही निघतो. जो नियम वैधव्यानंतर वाकू शकतो, तो पती सीमेवर उभा असताना थोडासा तरी का वाकू नये? जवानाच्या मुलांचा विचार झाला, निवृत्तीनंतर जवानाचा झाला, त्याच्या पश्चात पत्नीचाही झाला. जवान सेवेत असताना त्याच्या पत्नीच्या उपजीविकेचा विचार तेवढा राहून गेला.

शिक्षकवर्गाला ठाऊक असेल की, जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांच्या धोरणात सैनिकांच्या पत्नींना विशेष संवर्गात स्थान दिलेले आहे. ही सवलत स्वागतार्ह आहे. तथापि तिचा लाभ कोठवर पोहोचतो, हेही पाहिले पाहिजे. या सवलतीने दूरच्या शाळेतील शिक्षिका सासरच्या गावाजवळच्या शाळेत येऊ शकते. पती जोधपूरला असतो. म्हणजे सवलतीने ती सासऱ्यांच्या जवळ आली, नवऱ्याच्या नव्हे. महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत तिला सरकारचा आधार आहे. हद्द ओलांडली की ती कोणाचीच नाही.

राज्याची हद्द

ही हद्द प्रत्येक व्यवसायात निराळ्या रूपाने आडवी येते. शिक्षिकेचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात २०१३पासून शिक्षक पात्रता परीक्षा घेतली जाते, २०१७पासून भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र प्रणाली आली. वर्षानुवर्षे अभ्यास करून मिळविलेली ही पात्रता राजस्थानात वा आसामात तिच्या कामी येत नाही. तेथील राज्याची परीक्षा वेगळी आणि तिच्यात तेथील भाषेचे ज्ञान अपेक्षित. केंद्रीय पात्रता परीक्षा २०११पासून आहे आणि २०२१मध्ये या प्रमाणपत्रांची मुदत सात वर्षांवरून आजीवन करण्यात आली, ही मोठीच सोय झाली. पण तिचा उपयोग प्रामुख्याने केंद्राच्या अखत्यारीतील शाळांपुरता.

परिचारिकेची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. दुसऱ्या राज्यात काम करायचे तर तेथील परिषदेकडे पुन्हा अर्ज, पुन्हा ना-हरकत पत्र, पुन्हा शुल्क. हे सोपस्कार पुरे होईतो पतीची पुढची बदली जवळ आलेली असते. रक्तदाब मोजण्याची रीत सोलापुरात एक आणि पठाणकोटला दुसरी, असे तर नसते! २०२३ साली संसदेने संमत केलेल्या परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाच्या कायद्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात उतरली तर या एका व्यवसायापुरता प्रश्न सुटण्यासारखा आहे. अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्या बाबतीत तर स्थानिक रहिवासी असणे हीच नोकरीची अट आहे. गाव सोडले की काम सुटले.

इच्छा असेल तर वाट निघते, याचे उदाहरण बँकांनी घालून दिले आहे. राष्ट्रीयीकृत बँकांतील स्त्री कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या नेमणुकीच्या ठिकाणी अथवा त्याच्या जवळ बदली द्यावी, असे धोरण अर्थ मंत्रालयाने २०१४ साली ठरविले. केंद्र सरकारच्या नोकरीतील पती-पत्नींना एका ठिकाणी ठेवावे, अशी २००९ सालची सूचनाही आहे. पण बँकेत वा केंद्राच्या नोकरीत किती जणी असतात? तालुक्याच्या गावातील मुलीला सहज साध्य होणाऱ्या नोकऱ्या शाळेतल्या आणि दवाखान्यातल्या. त्यांपैकी बहुतेक राज्याच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित संस्थांच्या. तेथे हे धोरण पोहोचत नाही.

छावणीतील नोकरी

छावणीत शाळा असतात, मग जवानाच्या पत्नीने तेथे नोकरी का करू नये, असे कोणी विचारील. ती करतेच. १९८३ साली स्थापन झालेल्या सैनिक कल्याण शिक्षण संस्थेच्या आर्मी पब्लिक स्कूलांची संख्या आज शंभराच्या वर आहे. त्यांच्या शिक्षकांसाठी एक सामाईक चाळणी परीक्षा असते आणि तिचे गुणपत्र देशातील या कोणत्याही शाळेत ग्राह्य धरले जाते. एकदा मिळविलेली पात्रता बदलीबरोबर प्रवास करू शकते, हे या व्यवस्थेने दाखवून दिले आहे. केंद्रीय विद्यालयांतही दरवर्षी मुलाखती घेऊन कंत्राटी शिक्षक नेमले जातात.

अडचणी मात्र दोन आहेत. पहिली भाषेची. या शाळांचे माध्यम प्रामुख्याने इंग्रजी. मराठी माध्यमातून डी.एड. झालेली, आपल्या विषयात निष्णात असलेली शिक्षिका मुलाखतीच्या दारातच अडखळते. तिला शिकविता येत नाही असे नव्हे. त्या भाषेत शिकविण्याचा सराव तिला कोणी दिलेला नसतो. दुसरी अडचण तात्पुरतेपणाची. कंत्राट वर्षाचे, पगार बेताचा आणि गावी परतल्यावर त्या अनुभवाला नोकरभरतीत फारशी किंमत नाही. चार छावण्यांत मिळून सहा वर्षे शिकविलेली बाई बार्शीला परत आली की पुन्हा पहिल्या पायरीवर उभी असते.

१९६६पासून कार्यरत असलेली सैनिक-पत्नींची संघटना, जिला छावणीत ‘आवा’ म्हणून ओळखतात, कल्याणकेंद्रे, हस्तव्यवसायाचे वर्ग आणि विशेष मुलांच्या शाळा चालविते. हे कार्य मोलाचे आहे. परंतु बी.एस्सी., बी.एड. झालेल्या स्त्रीला शिवणवर्गाची सोय पुरी पडत नाही. तिला हाताला काम हवे असते हे खरे. त्याहून अधिक, तिला तिचेच काम हवे असते.

या साऱ्याचा हिशेब पुढे निवृत्तीच्या वेळी द्यावा लागतो. जवान निवृत्त होतो तो साधारणतः चाळिशीच्या आतबाहेर. मुले ऐन शिक्षणात, आई-वडील थकलेले, बार्शीत घर बांधायचे राहिलेले. अर्ध्यावर आलेल्या उत्पन्नाला दुसऱ्या मिळकतीची जोड लागते ती नेमकी याच वेळी. आणि याच सुमारास राज्याच्या नोकरीसाठी पत्नीचे वय उलटून गेलेले असते किंवा उलटण्याच्या बेतात असते. खुल्या प्रवर्गासाठी ही मर्यादा ३८ वर्षांची, मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांची. पतीला माजी सैनिक म्हणून वयाची सवलत मिळते. त्याच्याबरोबर छावण्या फिरलेल्या पत्नीची तीच वर्षे वयात मोजली जातात आणि अनुभवात मोजली जात नाहीत. २०२२च्या अग्निपथ योजनेने भरतीचे स्वरूप बदलले असले, तरी सेवेत असलेल्या जवानांच्या आणि पुढे कायम होणाऱ्या अग्निवीरांच्या संसारांपुढे हा प्रश्न राहणारच आहे.

परदेशात जमते ते देशात?

हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. अमेरिकेचे सैनिक जर्मनी, जपानसारख्या देशांत कुटुंबासह राहतात. तेथे पत्नीला वा पतीला नोकरी करता येईल की नाही, हे यजमान देशाशी झालेल्या करारावर अवलंबून असते. खुद्द अमेरिकेतही शिक्षक, परिचारिका आदींचे परवाने राज्याराज्यांचे वेगळे. २०२३च्या जानेवारीत तेथे अमलात आलेल्या कायद्याने सैनिकाच्या बदलीमुळे राज्य सोडावे लागणाऱ्या जोडीदाराचा बहुतेक व्यवसायांतील परवाना नव्या राज्यातही, काही अटींवर, ग्राह्य ठरविला. अर्थात कायद्याने सारे साधते असेही नाही. नोकरी करू इच्छिणाऱ्या सैनिकांच्या जोडीदारांपैकी सुमारे एक-पंचमांश बेकार असल्याचे तेथील संरक्षण खात्याच्या २०२१च्या पाहणीत आढळले. तथापि प्रश्न मोजला गेला, मान्य केला गेला आणि त्यावर कायदा झाला.

याहून बोलके उदाहरण आपल्याच सरकारचे आहे. परदेशांतील भारतीय वकिलातींत नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या जोडीदारांना तेथे नोकरी करता यावी, म्हणून भारताने अनेक देशांशी परस्पर करार केले आहेत. वकिलातीतील अधिकाऱ्याच्या पत्नीने फ्रान्समध्ये काम करावे यासाठी दोन सार्वभौम राष्ट्रे करार करू शकतात. मग बार्शीच्या जवानाच्या पत्नीने राजस्थानात काम करावे यासाठी एकाच राष्ट्राची दोन राज्ये एकमेकांशी बोलू शकत नाहीत, हे पटण्यासारखे नाही.

आक्षेप आणि उपाय

या मागणीवर दोन आक्षेप संभवतात. सैनिकाचे जीवन म्हणजे त्याग, तो पत्नीने पत्करलेलाच असतो, हा पहिला. त्याग हा शब्द मोठा आहे. पण त्याग स्वेच्छेने करावयाचा असतो. कार्यालयीन नियमाच्या अभावामुळे जी हानी होते तिला त्याग म्हणणे म्हणजे आपली अनास्था झाकणे होय. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. डी.एड., बी.एड. झालेली हजारो मुले-मुली नोकरीच्या प्रतीक्षेत असताना आणखी एका वर्गाला सवलत कशासाठी? या आक्षेपामागची वेदना खरी आहे. परंतु येथे मागणी राखीव जागांची नाही. गुणवत्तेवर मिळालेली नोकरी बदलीच्या हुकुमाने गमावू नये, एवढीच आहे.

त्यासाठी पुढील गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांतील जवानांच्या पत्नींना पतीच्या शांतता क्षेत्रातील नेमणुकीपुरती, एका वेळी तीन वर्षांपर्यंत, बिनपगारी रजा हक्क म्हणून मिळावी आणि त्यांचा पदावरील धारणाधिकार कायम राहावा. असाधारण रजा आजही नियमांत आहे; पण रजा हा हक्क नव्हे, या सूत्रामुळे ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. ही रजा शैक्षणिक वर्षाच्या अखेरीसच सुरू व्हावी, म्हणजे वर्गातील मुलांचे नुकसान होणार नाही. रिक्त काळात प्रतीक्षा यादीतील उमेदवार नेमला जावा. बेकार शिक्षकांना त्यातून काही काम आणि अनुभवही मिळेल. सरकारी तिजोरीवर याचा भार नगण्य आहे.

दुसरे म्हणजे, छावणीतील मान्यताप्राप्त शाळांत वा रुग्णालयांत केलेली सेवा राज्याच्या भरतीत अनुभव म्हणून धरावी आणि पतीसोबत राज्याबाहेर काढलेली वर्षे वयोमर्यादेतून वगळावीत. तिसरे, पात्रता परीक्षेतील अध्यापनाचा भाग राज्याराज्यांनी परस्परांचा मान्य करावा आणि नव्या राज्यात केवळ भाषेची परीक्षा घ्यावी. चौथे, सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयासारख्या कार्यालयांनी माजी सैनिक आणि वीरपत्नी यांच्याबरोबरच सेवेतील जवानांच्या पत्नींचीही शिक्षणासह नोंद ठेवावी. जवानाची बदली जेथे झाली तेथील शाळा-रुग्णालयांना ती यादी आधीच पाठविता येईल. आज अशा किती जणी आहेत, त्यांचे शिक्षण काय, त्यांनी नोकरी केव्हा सोडली, याचा हिशेब मांडण्यापासूनच प्रारंभ करावा लागेल. मोजल्याशिवाय सरकारला प्रश्न दिसत नाही.

यातील काही काम मुंबई-दिल्लीच्या निर्णयाची वाट न पाहता बार्शीतच होऊ शकते. येथील महाविद्यालयांनी आणि अध्यापक विद्यालयांनी इंग्रजीतून अध्यापनाचा सराव व केंद्रीय पात्रता परीक्षेची तयारी यांचे अल्प मुदतीचे वर्ग चालविले, तर छावणीच्या मुलाखतीत आपली मुलगी अडखळणार नाही. १९८५ सालचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ सालचे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांचे अभ्यासक्रम बदलीने तुटत नाहीत. त्यांची माहिती लग्नापूर्वीच मुलींना मिळाली पाहिजे. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीही सोयरीक ठरविताना मुलीच्या नोकरीचा प्रश्न हुंड्यापांड्याच्या आणि मानपानाच्या बोलण्याआधी काढला पाहिजे.

जवान सीमेवर निश्चिंतपणे उभा राहावा, असे सर्वांनाच वाटते. त्या निश्चिंतीचा मोठा वाटा त्याच्या पत्नीच्या खांद्यावर असतो. तिने घर सांभाळावे, मुले वाढवावीत, म्हाताऱ्यांचे करावे आणि दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका बांधून नव्या गावी जावे, ही अपेक्षा समाज निःसंकोचपणे करतो. त्या ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवलेले तिचे प्रमाणपत्र नव्या गावीही चालावे आणि परत आल्यावर तिची खुर्ची तिला मिळावी, ही तिची उलट अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.